हृदय डावीकडेच का? एका अंदाजाचा इतिहास

मोलिएरच्या 'ल मेदसँ माल्ग्रे ल्युई' ह्या प्रहसनात स्गानारेल नावाचा लाकूडतोड्या माराच्या भयाने वैद्य बनतो आणि एका धनिकाच्या घरी रोगनिदान करू लागतो. बोलण्याच्या ओघात तो यकृत डावीकडे आणि हृदय उजवीकडे असल्याचे सांगून जातो. यजमान भीत भीत शंका काढतो, की आजवर ऐकले ते ह्याच्या उलट होते. त्यावर, पूर्वी तसे होते खरे, पण आम्ही वैद्यांनी आता ती व्यवस्था बदलली आहे, असे सांगून स्गानारेल मोकळा होतो. हे प्रहसन १६६६ सालचे. ह्या विनोदाचा आधार एकच : हृदयाची जागा ही जगातली सर्वांत निश्चित गोष्ट आहे आणि ती बदलण्याची भाषा फक्त मूर्ख किंवा वैद्यच करू शकतो, हा प्रेक्षकाचा विश्वास.

ह्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आतच, १७८८ साली, लंडनच्या ग्रेट विंडमिल स्ट्रीटवरील शरीररचनाशास्त्राच्या शाळेत मॅथ्यू बेली ह्या तरुण वैद्यापुढे सुमारे चाळीस वर्षांच्या एका पुरुषाचे शव आले. त्याचे हृदय उजवीकडे होते, यकृत डावीकडे, प्लीहा उजवीकडे. म्हणजे छाती-पोटातील सारा ऐवज आरशात दिसावा तसा. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात बेलीने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अशा तुरळक नोंदी त्याआधीही झाल्या होत्या. पण बेलीच्या निबंधातील बारकाई आजही वाचनीय वाटते. आतले सगळे उलटे आहे असे पाहिल्यावर त्याने मृताचे हातही तपासले. उजवा हात अधिक भरलेला व राठ होता. म्हणजे मनुष्य उजखोरा असावा, असे अनुमान त्याने केले. ह्या हाताकडे आम्ही शेवटी परत येणार आहोत.

आम्ही साहित्याची माणसे. 'हृदय' हा शब्द आम्ही हजार वेळा वापरतो, आणि तो डाव्या बाजूलाच का, असा प्रश्न आम्हांस सहसा पडत नाही. वस्तुतः तो फार कठीण प्रश्न आहे. गर्भ आरंभी दोन्ही बाजूंनी सारखा असतो. त्याला डोके कोणते व शेपटीकडचा भाग कोणता हे ठरवावे लागते, पाठ व पोट ठरवावे लागते. हे दोन अक्ष ठरले की तिसरा, डावे-उजवे हा, आपोआप निश्चित होतो असे कोणी म्हणेल. जागा निश्चित होते, हे खरे. परंतु त्यातील कोणत्या बाजूस हृदय वळवायचे हे कोण सांगणार? मुलाला आपण 'उजवा म्हणजे जेवायचा हात' असे शिकवतो. शब्दांनी व्याख्या करता येत नाही, बोट दाखवावे लागते. बेलीच्या वीस वर्षे आधी, १७६८ साली, इमॅन्युएल कांटने हेच कोडे मांडले होते : डाव्या हाताचे आणि उजव्या हाताचे अंतर्गत वर्णन अक्षरशः एकच होते, तरी एकाच्या जागी दुसरा बसत नाही. गर्भापाशी जेवायचा हात नाही आणि बोट दाखवणारे कोणी नाही.

ह्या प्रश्नाला प्रयोगाचा पहिला धक्का जर्मनीत बसला. हान्स श्पेमान हा गर्भविज्ञानातील कुशल हातांचा मनुष्य. तान्ह्या मुलाच्या केसाचा फास करून तो पाणसरड्यासारख्या न्यूट ह्या प्राण्याचा कोवळा गर्भ मधोमध आवळीत असे. असा आवळलेला गर्भ कधी कधी जुळ्यांच्या रूपाने वाढे. १९१९ साली श्पेमान व फाल्केनबर्ग ह्यांनी नोंदविले, की अशा जोडीतील डाव्या बाजूच्या भावाचे अवयव जागच्या जागी असतात. उजव्या बाजूच्या भावाचे मात्र सुमारे निम्म्या वेळा उलटे भरतात. निम्म्या वेळा, हे शब्द महत्त्वाचे आहेत. उजवा भाऊ डाव्याचे प्रतिबिंब होत नव्हता. त्याच्या बाबतीत जणू नाणे उडवले जात होते. श्पेमानला १९३५ साली नोबेल पुरस्कार मिळाला तो दुसऱ्या कामासाठी. ही निम्म्याची गोष्ट पुढील कित्येक दशके एक चमत्कारिक नोंद म्हणूनच राहिली.

आता दुसरीकडे वळावे लागेल, कारण ह्या कथेचे दुसरे टोक गर्भविज्ञानात नाही, खोकल्यात आहे.

आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते शेतातील पिकावरून वारा जावा तसे लयीत हलतात आणि धूळ, जंतू, कफ घशाकडे लोटतात. अठराव्या शतकात डॅनिश निसर्गअभ्यासक ऑटो म्यूलर ह्याने पाण्यातील सूक्ष्मजीवांच्या अंगावरील अशा तंतूंना 'सिलिया' म्हटले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पापणीचे केस. आमच्या परिभाषाकारांनी त्याचे 'पक्ष्माभिका' केले : पक्ष्म म्हणजे पापणीचा केस, त्याच्यासारखी ती पक्ष्माभिका. शब्द उच्चारावयास अवघड असला तरी प्रामाणिक आहे आणि मूळ प्रतिमा त्याने सांडली नाही, म्हणून आम्ही तोच वापरू.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर १९५०च्या दशकात पक्ष्माभिकेची अंतर्रचना दिसू लागली. तिला आडवे छेदले तर नऊ जोडनळ्यांचे वर्तुळ आणि मध्यभागी दोन सुट्या नळ्या दिसतात. शैवालापासून माणसापर्यंत हाच आराखडा. शुक्राणूचे शेपूटही ह्याच आराखड्याचे. १९५९ साली ब्यॉर्न आफ्झेलियस ह्या स्वीडिश संशोधकाने समुद्री अर्चिनच्या शुक्राणूंत पाहिले, की प्रत्येक जोडनळीला शेजारच्या जोडीकडे वळलेले छोटे बाहू असतात. १९६५ साली इयान गिबन्स ह्याने ते बाहू ज्या प्रथिनाचे बनतात त्यास 'डायनिन' हे नाव दिले. हे बाहू शेजारची नळी ओढतात, म्हणून तंतू वाकतो. एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी : नऊही जोडांचे बाहू एकाच दिशेने वळलेले असतात. म्हणजे पक्ष्माभिकेला स्वतःचे डावे-उजवे असते.

ह्या सूक्ष्मदर्शकी जगाशी काही संबंध नसलेल्या वैद्यांच्या जगात एक विचित्र व्याधी नोंदवली गेली होती. कीव्ह येथील सीवर्ट ह्याने १९०४ साली आणि झुरिच येथील मानेस कार्तागेनेर ह्याने १९३३ साली असे रुग्ण वर्णिले, ज्यांना लहानपणापासून सर्दी व सायनसचा दाह, श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या, आणि हृदयादी अवयव उलट बाजूंना. ह्या त्रयीला 'कार्तागेनेरचे लक्षणसमूह' असे नाव पडले. नाक वाहणे आणि हृदय उजवीकडे असणे ह्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे कोणालाच सांगता येईना.

आमच्या मते येथे त्या नावानेच घोटाळा केला. त्रयीची व्याख्या अशी, की अवयव उलटे असल्याशिवाय रुग्ण त्या नावाखाली येतच नाही. मग त्याच घरात, त्याच आईबापांचे, तसेच खोकणारे, तसेच नाक वाहणारे, पण हृदय डावीकडे असलेले भावंड कुठे जाणार? ते साधे सर्दी-खोकल्याचे रोगी ठरत. पुराव्याचा निम्मा भाग नामकरणाने दृष्टीआड केला होता. वाङ्मयेतिहासात आम्ही हे नेहमी पाहतो. 'प्रवाहा'ची व्याख्या करताना जे लेखक बसत नाहीत ते गळतात, आणि मग प्रवाह फार एकसंध होता असे आम्हीच आश्चर्याने लिहितो.

हा निम्मा भाग परत आणला तो आफ्झेलियसने. १९७०च्या दशकाच्या मध्यास त्याच्यापुढे असे पुरुष आले, ज्यांना मूल होत नव्हते. त्यांचे शुक्राणू जिवंत होते पण हलत नव्हते. शुक्राणूंच्या शेपटीचा छेद पाहताना त्याला दिसले, की जे बाहू त्याने १९५९ साली अर्चिनमध्ये पाहिले होते, ते येथे नाहीतच. ह्याच पुरुषांना लहानपणापासून छातीचा व नाकाचा त्रास होता आणि त्यांच्या श्वासनलिकेतील पक्ष्माभिकाही निश्चल होत्या. त्यांतील काहींचे अवयव उलटे होते, सगळ्यांचे नव्हे. १९७६ साली 'सायन्स' ह्या साप्ताहिकात त्याने लहानसा लेख लिहिला. खोकला, सायनस आणि वंध्यत्व ह्यांचे स्पष्टीकरण सरळ होते. हलायला हवे ते हलत नाही. उलट्या हृदयाचे काय? येथे आफ्झेलियसने एक अंदाज मांडला. गर्भावस्थेत कोठेतरी पक्ष्माभिका हलत असाव्यात आणि त्यांच्या हलण्याने अवयवांची बाजू ठरत असावी. त्या निश्चल असतील तर निर्णय केवळ दैवावर राहील, आणि निम्म्यांचे अवयव एका बाजूस, निम्म्यांचे दुसऱ्या बाजूस भरतील.

हा अंदाज नीट वाचला पाहिजे, कारण पुढे तो पुष्कळदा चुकीचा सांगितला गेला. पक्ष्माभिका बिघडल्या की हृदय उजवीकडे जाते, असे आफ्झेलियसने म्हटले नव्हते. बिघडल्या की कोणतीच बाजू सांगणारे उरत नाही, असे त्याने म्हटले होते. ह्या दोन वाक्यांतील अंतर फार मोठे आहे. पहिल्या वाक्यात रोग म्हणजे एका नियमाच्या जागी उलटा नियम. दुसऱ्यात नियमाचाच अभाव, आणि डावीकडे हृदय असलेला तो खोकणारा भाऊही तितकाच रोगी. त्याच्या बाबतीत नाणे फक्त नेहमीच्या बाजूने पडले. पुढे त्या व्याधीचे नावही बदलले. प्रथम 'निश्चल पक्ष्माभिकांची व्याधी' म्हटले गेले; मग पुष्कळ रुग्णांत त्या हलतात पण चुकीच्या हलतात असे दिसल्यावर आजचे, पक्ष्माभिकांच्या मूळच्या गतिदोषाचे नाव रूढ झाले.

योगायोग असा, की त्याच १९७६ साली अमेरिकेत विल्यम लेटन ह्याने उंदरांच्या एका जातीविषयी जवळपास हेच लिहिले. १९५९ साली हमेल व चॅपमन ह्यांनी वर्णिलेल्या ह्या उंदरांत एका जनुकाच्या दोषामुळे निम्म्या पिलांचे अवयव उलटे भरत. लेटनचा निष्कर्ष असा, की त्या जनुकाचे काम बाजू सांगणे हे असावे. ते बिघडले की बाजू यदृच्छेने ठरते. एक लेख सूक्ष्मदर्शक घेऊन बसणाऱ्याचा, दुसरा आनुवंशिकीचा. श्पेमानच्या न्यूटमध्ये, स्टॉकहोमच्या रुग्णांत आणि ह्या उंदरांत तोच निम्म्याचा आकडा तीन वेळा उमटला होता.

तरीही अंदाज बावीस वर्षे अंदाजच राहिला. आक्षेपही बिनबुडाचे नव्हते. गर्भात ती हलणारी पक्ष्माभिका दाखवा, असे कोणी म्हटले तर दाखवता येत नव्हती. उंदराच्या गर्भात पोटाच्या बाजूस 'नोड' नावाचा एक उथळ खळगा असतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. त्याच्या तळाशी पेशीपेशीला एकेक पक्ष्माभिका असते हे पुढे दिसले. पण त्यांत मधल्या दोन नळ्या नव्हत्या, आणि मधल्या नळ्यांवाचून पक्ष्माभिका हलत नाही असे पाठ्यपुस्तकांचे म्हणणे होते. १९९६ सालच्या एका अभ्यासातही त्या निश्चलच मानल्या गेल्या. दुसरी अडचण १९९३ साली उभी राहिली : योकोयामा, ओव्हरबीक व त्यांचे सहकारी ह्यांना भलत्याच प्रयोगाच्या ओघात उंदरांची अशी जात मिळाली, की जिच्यात निम्मी नव्हे, जवळजवळ सगळीच पिले उलटी होती. यदृच्छेच्या सिद्धान्तात हे बसेना. त्याचा समाधानकारक उलगडा आजही पुरता झालेला नाही, आणि ह्या विषयावरचे लोकप्रिय लेख ही गोष्ट सहसा वगळतात.

मधल्या काळात, १९९० साली, नायजेल ब्राउन व लुईस वोल्पर्ट ह्यांनी प्रश्न तर्काने तासून ठेवला. गर्भाला डावे कळायचे तर त्याच्यापाशी मुळातच उजवे-डावे असलेला एखादा रेणू हवा, रोमन 'एफ' अक्षरासारखा. तो डोके-शेपूट आणि पाठ-पोट ह्या दोन अक्षांना धरून उभा केला, की त्याचा आडवा हात आपोआप एका ठराविक बाजूस वळेल. कांटच्या कोड्याला एवढे सुटसुटीत उत्तर आमच्या वाचनात नाही. हाताची ओळख हातानेच पटवायची. फक्त तो हात रेणूएवढा लहान. तो रेणू कोणता हे मात्र त्यांना सांगता आले नव्हते. १९९७ साली लेटनच्या उंदरांतील बिघडलेले जनुक सापडले. ते डायनिनच्याच घराण्यातील निघाले.

पुढच्याच वर्षी टोकियो विद्यापीठात नोबुताका हिरोकावा ह्यांच्या प्रयोगशाळेत पडदा उघडला, तोही आडवाटेने. तेथे अभ्यास चालला होता पेशीच्या आत माल वाहून नेणाऱ्या प्रथिनांचा. त्यांपैकी एक काढून टाकलेले उंदराचे गर्भ जन्मापूर्वीच मरत, आणि त्यांचे हृदय कधी ह्या बाजूस तर कधी त्या बाजूस वळलेले असे. शिगेनोरी नोनाका व सहकाऱ्यांनी नोड पाहिला, तर तेथे पक्ष्माभिकाच उगवल्या नव्हत्या. मग त्यांनी निरोगी गर्भ जिवंत ठेवून पाहिला. पाठ्यपुस्तकांनी निश्चल ठरविलेल्या पक्ष्माभिका गरगर फिरत होत्या. चकाकणारे सूक्ष्म मणी खळग्यातील द्रवात सोडले, तर ते सगळे उजवीकडून डावीकडे वाहत गेले.

गोल फिरणाऱ्या वस्तूने द्रव एकाच दिशेने कसा वाहील? पळीने गोल ढवळले तर पाक गोलच फिरेल. उत्तर काही वर्षांनी मिळाले. २००४ साली कार्टराइट, पिरो व तुवाल ह्यांनी गणिताने सुचविले, आणि २००५ साली प्रत्यक्ष दिसले, की ह्या पक्ष्माभिका सरळ उभ्या नसतात, शेपटीच्या दिशेने कललेल्या असतात. इतक्या लहान मापात पाणी काकवीसारखे वागते. कढईच्या बुडाला लागलेला पाक हलत नाही, वरचा हलतो. कललेली पक्ष्माभिका फेऱ्याच्या एका अर्ध्या भागात बुडाजवळून जाते आणि तेथे द्रव फारसा हलवू शकत नाही. उरलेल्या अर्ध्या भागात ती वर उठते आणि द्रव लोटते. वरून पाहता ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, सेकंदाला सुमारे १० फेरे. म्हणून लोटण्याचा फेरा डावीकडे पडतो. आणि घड्याळाप्रमाणेच का? कारण ते डायनिनचे बाहू एकाच दिशेने वळलेले आहेत. उजवे-डावे मुळात असलेली वस्तू, कलाने मिळालेला डोके-शेपूट अक्ष, खळग्याच्या तळाने मिळालेला पाठ-पोट अक्ष; ब्राउन-वोल्पर्टचे अक्षर येथे आपल्या तिन्ही रेघांसह उभे होते.

प्रवाह हे कारण आहे की नुसते लक्षण, ही शंका उरली होती. २००२ साली हिरोशी हमादा ह्यांच्या गटाने ती फेडली. त्यांनी गर्भावरून कृत्रिम प्रवाह उलट, उजवीकडे, सोडला. निरोगी गर्भाचे अवयव उलटे भरले. ज्यांच्या पक्ष्माभिका निश्चल होत्या अशा गर्भांचे नशीबही बाहेरून सोडलेल्या प्रवाहाने ठरवता आले. २०१२ साली त्याच परंपरेतील संशोधकांनी दाखविले, की शेकडो पक्ष्माभिकांची गरज नाही. दोन फिरत्या असल्या तरी पुरतात.

हा प्रवाह गर्भ 'वाचतो' कसा, ह्यावर मोठा वाद झाला. एक पक्ष म्हणे, प्रवाहाबरोबर एखादे द्रव्य डावीकडे साचते. दुसरा म्हणे, खळग्याच्या काठावरील न हलणाऱ्या पक्ष्माभिकांना प्रवाहाचा दाब जाणवतो. २०१६ साली दुसऱ्या पक्षाच्या मुळावरच घाव घालणारा लेख आला. २०२३ साली दोन गटांनी, एकाने उंदरात व दुसऱ्याने झेब्राफिशमध्ये, प्रकाशाच्या चिमट्याने एकेक निश्चल पक्ष्माभिका वाकवून ती दाबाला प्रतिसाद देते असे दाखविले. तूर्त पारडे तिकडे झुकलेले आहे.

ह्यावरून सगळ्या सृष्टीचे डावे-उजवे पक्ष्माभिका ठरवतात असे समजू नये. कोंबडीच्या गर्भात असा प्रवाह नाही. तेथे पेशी स्वतःच डावीकडे सरकतात, हे २००९ साली दिसले. डुकराच्याही नोडमध्ये हलत्या पक्ष्माभिका नाहीत. गोगलगायीचा शंख कोणत्या बाजूस वळणार हे तर तिची अंडपेशी दुभागताना, पेशीच्या आतील सांगाड्याच्या पीळावरून ठरते. शंखावरून आठवले : आपण ज्यास दक्षिणावर्ती म्हणून पूजतो तो दुर्मीळ शंख पाश्चात्त्य शंखशास्त्रज्ञांच्या लेखी 'डावा' आहे, कारण ते टोक वर धरून पाहतात आणि आपण खाली. 'डावलणे' हे क्रियापद असलेल्या भाषेत हा गैरसमज मोलाने विकला जातो, हे सांगावयास नकोच.

'निम्मे' हा आकडा वर वारंवार आला, तो थोडा निष्ठुर आहे. संपूर्ण उलटे अवयव सुमारे १०,००० माणसांत एकाचे असतात आणि त्या उलटेपणाने स्वतःहून काही बिघडत नाही. बेलीचा मनुष्य चाळिशीपर्यंत जगलाच. बिघडते ते अर्धवट झाले तर. बाजू सांगणारे कोणी नसले की काही गर्भांत हृदय एक कौल घेते, यकृत दुसरा, प्लीहा तिसरा. मग रक्तवाहिन्या चुकीच्या कप्प्यांना जोडल्या जातात, प्लीहा कधी नसतेच, कधी अनेक तुकड्यांत असते, आणि अशी बालके हृदयाचे गंभीर दोष घेऊन जन्मतात. प्रत्येक अवयवाने वेगळे नाणे उडवले, तर देह चालत नाही.

राहता राहिला बेलीच्या शवाचा उजवा हात. आतले सारे उलटले असताना हात का उलटला नाही? २००४ साली ख्रिस मॅकमॅनस व सहकाऱ्यांनी पक्ष्माभिकांच्या गतिदोषाचे रुग्ण तपासले. अवयव उलटे असलेल्यांत आणि सरळ असलेल्यांत डावखोऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखेच, चारचौघांत असते तेवढेच, निघाले. जेवायचा हात ठरवणारे जे काही आहे, ते त्या खळग्यात नाही.